मधले सत्तर मीटर

वडोदऱ्यात जे राहत नाहीत त्यांना आधी ‘कांस’ काय ते सांगायला हवं. पावसाचं पाणी शहरातून वाहून नेणारे उघडे ओढे, काही मुळातच होते, काही खणून सरळ केले, त्यांना इथे कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं पावसाळा तोंडावर आला की पेपरात येऊ लागतात. बाकीच्या कांसांना नावंच नाहीत. अमक्या सोसायटीमागची, तमक्या गरनाळ्याची (म्हणजे रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीची), एवढ्यावर भागतं. कांस पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी ‘ती’ म्हणते. बावीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडे बघत पोळ्या लाटल्यात, तेवढा हक्क मला आहे.

माझं माहेर दांडिया बाजारातलं. तिथे पाणी म्हणजे सूरसागर. आजोबा सांगायचे, सूरसागराला जमिनीखालून दारं आहेत, तलाव भरला की ती उघडून पाणी विश्वामित्री नदीत सोडता येतं. लहानपणी मला ती दारं म्हणजे गडाचे चोरदरवाजे वाटायची. लग्नानंतर शहराच्या कडेला या सोसायटीत आले. अठ्ठेचाळीस घरं, निम्म्याहून जास्त गुजराती, दहा-बारा मराठी, बाकी सगळीकडची. मी घरूनच दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे हाती लागलं ते हिशेब तपासायच्या खोडीमुळेच.

२०२४ चा ऑगस्ट आम्ही कुणी विसरणार नाही. २६ तारखेला जन्माष्टमी होती. काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि त्या आठवड्यात ती ३५ च्या वर गेली. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. फ्रिज तरंगतो हे तेव्हा कळलं. अकोट्याकडे एका घराच्या छपरावर मगर चढून बसली होती, तो फोटो तर देशभर फिरला. पाणी ओसरल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, कांस साफ केली नाही म्हणून झालं. मीही तेच म्हणत होते.

पण चिखल खरवडताना एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. आमच्या मागच्या फाटकात एक निळी प्लास्टिकची टाकी येऊन अडकली होती. ती होती कांसेच्या खालच्या अंगाला असलेल्या सोसायटीची. म्हणजे उताराकडची टाकी चढाकडे आली. पाणी कांसेतूनच आलं होतं, पण उलटं आलं होतं. नदी इतकी चढली की तिला मिळणाऱ्या सगळ्या कांसांच्या तोंडाशी पाणी तुंबतं आणि मागे सरकायला लागतं. त्या दिवशी आमची कांस आरशासारखी लख्ख असती तरी काही फरक पडला नसता.

मग आधीच्या वर्षीचं आठवलं. जुलैमधली एक दुपार, दोन तास धो धो पाऊस, आणि रात्रभर सोसायटीत गुडघाभर पाणी. फोनमधले जुने मेसेज उघडून बसले. इथे पावसाळ्यात प्रत्येक ग्रुपवर दर तासाला ‘आजवा इतके फूट, काळा घोडा इतके फूट’ असे आजवा धरणाचे आणि नदीचे आकडे येतच असतात, शेअर बाजारासारखे. त्या दुपारी नदी धोक्याच्या खुणेच्या बरीच खाली होती. म्हणजे तो पूर नदीचा नव्हता, कांसेचा होता. वहीत दोन रकाने केले, एक नदीचा, एक कांसेचा, आणि गेल्या काही वर्षांतल्या जेवढ्या तारखा फोटोंवरून सापडल्या तेवढ्या वाटून टाकल्या. नदीच्या रकान्यात दोन तारखा आल्या. कांसेच्या रकान्यात सात.

नदीचं मी काय करणार? ती पावागडाच्या डोंगरातून निघते, आजव्याचं जादा पाणी पोटात घेते, शहरातून नागमोडी जाते आणि पुढे ढाढरला मिळते. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या २४ किलोमीटरच्या पट्ट्यात तिचं खोलीकरण-रुंदीकरण निघालं, तो सरकार-दरबारचा मामला. आमची कांस वरच्या गरनाळ्यापासून खालच्या गरनाळ्यापर्यंत ८२० मीटर. एवढं तर कुणालाही चालत जाऊन बघता येतं.

तक्रार करायची पहिली पायरी फोन. तीन वेळा केली. तीनही वेळा नंबर मिळाला, आणि तीनही वेळा दोन-तीन दिवसांत ‘तक्रारीचं निवारण झालं आहे’ असा मेसेज आला. हे खोटंही नव्हतं. कुणीतरी येऊन गरनाळ्याच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढून जात होतं. मी तक्रारीत लिहिलं होतं ‘कचरा अडकला आहे’, त्यांनी कचरा काढला. विचारलं तेवढंच उत्तर मिळतं, हे प्राप्तिकराच्या नोटिशींना उत्तरं देऊनही मला कळलेलं नव्हतं.

नंतर मालक कोण हे शोधण्यात दिवाळी गेली. कुणी म्हणालं सिंचन खात्याची, कुणी म्हणालं जुन्या ग्रामपंचायतीची, आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, “अगं, ती देवाची.” शेवटी उत्तर सापडलं टी.पी. स्कीमच्या नकाशावर. गुजरातमध्ये १९७६ च्या नगररचना कायद्याखाली या स्कीमा होतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, गटारं यांसाठी वाटा काढून उरलेले प्लॉट परत दिले जातात. त्या नकाशात आमच्या सोसायटीच्या प्लॉटच्या मागे कांस निळ्या पट्ट्याने दाखवली होती. तिची रुंदी लिहिलेली, १२ मीटर. आणि हद्दीत आलेली कांस म्हणजे महापालिकेची जबाबदारी. १९४९ च्या महापालिका कायद्यात ६३ वं कलम आहे, पालिकेने करायलाच हवीत अशा कामांचं, त्यात गटारं बांधणं, राखणं आणि साफ ठेवणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन मागे गेलो. ऑक्टोबर संपत आला होता, पाणी घोट्याएवढं. काठावर पाणकणीस माजलेलं, मधे जलपर्णी. यांनी टेपचं एक टोक पलीकडच्या भिंतीला धरलं आणि मी आमच्या भिंतीला. सहा मीटर नव्वद. पुन्हा मोजलं. तेवढंच. १२ मधले ५ मीटर कुठे गेले याचा विचार मी तेव्हा पलीकडच्या भिंतीकडे बघून करत होते. आमच्या बाजूने बघायचं सुचलंच नाही.

मग माहितीचा अधिकार. लोक याला फार मोठं काहीतरी समजतात. गुजरातमध्ये अर्जाला २० रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो, आणि झेरॉक्सचे पानाला २ रुपये. अवघड असतं ते काय मागायचं हे ठरवणं. ‘कांस साफ का केली नाही’ हा प्रश्न नाही, ती कुरकुर आहे, आणि कुरकुरीला माहिती मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराच्या मुनीमाने सांगितलं, “भाभी, एम.बी. मागा.” एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. सरकारी कामाचं बिल निघायच्या आधी इंजिनिअरने मोजमाप घेऊन जे पुस्तक लिहायचं असतं ते. त्यात काम कुठून कुठपर्यंत झालं, किती लांब, किती रुंद, किती खोल, किती घनमीटर, सगळं असतं. मी गेल्या दोन पावसाळ्यांआधीच्या सफाईचं एम.बी. मागितलं आणि शिवाय कलम २ (जे) खाली प्रत्यक्ष पाहणीही मागितली. कागदांइतकंच काम पाहण्याचाही हक्क त्यात आहे हे बहुतेकांना माहीत नसतं.

सत्ताविसाव्या दिवशी बोलावणं आलं. एका कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी टेबल दिलं, चहा दिला. डेप्युटी इंजिनिअर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. पुस्तक समोर ठेवून म्हणाले, “जुओ बेन, शांतिथी.” मी शांतपणेच बघत होते. पहिल्याच पानावर खोलीचा रकाना पाहून भुवया वर गेल्या. ०.६०, ०.६०, ०.६०, खालपर्यंत. गाळ काही केकच्या थरासारखा सगळीकडे सारखा बसत नाही. विचारलं. ते हसले, चिडले नाहीत. म्हणाले, डंपरच्या फेऱ्या मोजतो, त्यावरून सरासरी खोली काढतो. पाण्याखाली तळ कुठे आहे ते मशीनवाल्याला तरी कुठे दिसतं?

उत्तर पटण्यासारखं होतं. खोलीवरचं बोट लांबीच्या रकान्यावर आलं. कांसेचं अंतर वरच्या गरनाळ्यापासून मोजतात, त्याला चेनेज म्हणतात. एका ओळीत ‘० ते ५४०’. पुढच्या ओळीत ‘६१० ते ८२०’. आदल्या वर्षीचं पान उलटलं. ० ते ५४०, ६१० ते ८२०. बिलातही ७५० मीटरचेच पैसे काढलेले, ८२० चे नाही. हिशेब चोख होता, एका पैशाचा घोळ नाही. फक्त मधले ७० मीटर नव्हते.

“हे ५४० ते ६१०?”

त्यांनी नकाशा ओढला, बोट ठेवलं आणि थोडं संकोचून म्हणाले, “बेन, आ तो तमारी ज सोसायटी पाछळ छे.” हे तर तुमच्याच सोसायटीच्या मागे आहे.

मला घाम फुटला, डिसेंबरात. त्यांनी जे सांगितलं ते असं. वरच्या बाजूने मशीन येतं ते आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत. पुढे काठच नाही. काठावर आम्ही २०११ साली स्लॅब टाकून स्कूटरांचं पार्किंग केलं आहे. खालच्या बाजूने येणारं मशीनही त्याच स्लॅबच्या दुसऱ्या टोकाशी थांबतं. आमच्या कॉमन प्लॉटमधून मशीन आत घ्यावं म्हणून दोनदा पत्र आलं होतं. दोन्ही पत्रांवर सोसायटीचा पोच शिक्का. उत्तर नाही.

घरी येताना रिक्षात मी त्या ७० मीटरचं गणित करत होते. वडोदरा सपाट आहे, कांसेला उतार नावापुरता. वरचे ५४० मीटर खोदून काढले, खालचे २१० खोदून काढले आणि मधे न उपसलेला गाळ तसाच राहिला, तर तो उंबरठा होतो. दरवर्षी सफाई होऊन दोन लांब हौद तयार होत होते आणि मधे बांध. पाणी सरासरीने वाहत नाही. सगळ्यात उंच जागा जिथे असेल तिथे ते अडतं. आणि सगळ्यात उंच जागा आमच्या स्कूटरांखाली होती.

सेक्रेटरी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला नाही. “तुला हे रिकामटेकडे उद्योग सुचतात कुठून?” पत्रं आठवतात का विचारलं. आठवत होती. फाइलला लावली होती. “पेव्हर ब्लॉक फुटतील म्हणून गप्प बसलो. आत्ताच तर नवे घातले होते.” रागावणार होते मी, पण त्या २०११ च्या ठरावावर माझ्या नवऱ्याचीही सही होती. आमचीही एक ॲक्टिव्हा तिथेच उभी असते.

सभा जानेवारीत, रात्री नऊला, कॉमन प्लॉटमध्ये शेकोटी करून. अशा सभा कशा होतात ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. एक जण म्हणाले, आपण इम्पॅक्ट फी, म्हणजे बेकायदा बांधकाम नियमित करून घ्यायची सरकारी फी, भरून स्लॅब रेग्युलर करून घेऊ. मला ते आधीच येणार हे माहीत होतं, वकिलाकडून विचारून ठेवलं होतं: पाण्याच्या नैसर्गिक वाटेवरचं बांधकाम त्या कायद्यात बसत नाही. दुसरे म्हणाले, समोरच्यांनीही भिंत पुढे घेतली आहे, आधी त्यांची पाडा. हे खरं होतं. ५ मीटरमधले आमचे दीड होते, बाकीचे त्यांचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बा उठून म्हणाल्या, पाणी माझ्याकडे येत नाही, मी का पैसे देऊ? आणि लगेच त्यांचाच मुलगा म्हणाला, बा, लिफ्टची मोटर खाली आहे. तीन वेळा जळली, वर्गणी तूच भरलीस.

लिफ्टच्या मोटरने बाजी फिरवली. वहीतले दोन रकाने, नदीच्या दोन आणि कांसेच्या सात तारखा, मी मोठ्या कागदावर लिहून नेले होते. ते कुणी फारसं वाचलं नाही. मोटरच्या तीन बिलांची बेरीज मात्र सगळ्यांनी तोंडपाठ केली. तळमजल्याची नऊ घरं अर्थातच आमच्या बाजूने होती. मशीनला वाट द्यायची हे ठरलं, स्लॅब काढायचा हेही ठरलं, पण पेव्हर ब्लॉकचा खर्च कुणी करायचा यावर साडेअकरा वाजले आणि मुद्दा पुढच्या सभेवर गेला.

नगरसेवकांकडे जायचं ठरलं. शहरात १९ निवडणूक वॉर्ड, प्रत्येकी चार, असे एकूण ७६ नगरसेवक. म्हणजे आमच्या वाट्याला चार. हे चार असणं मोठं सोयीचं असतं, प्रत्येक जण बाकीच्या तिघांची नावं सांगू शकतो. आम्ही चौघांनाही एकच पत्र दिलं, वर चौघांची नावं घालून, आणि सोबत एम.बी.ची पानं जोडली. त्यात तक्रार नव्हती. ‘५४० ते ६१० या भागासाठी सोसायटी वाट देत आहे, या वर्षीच्या कामात हा भाग घ्यावा’ एवढंच. मला वाटतं काम झालं ते यामुळे. मागणाऱ्यांची रांग असते, देणारा क्वचित येतो. चौघांमधल्या एक बाई स्वतः येऊन स्लॅबवर उभ्या राहून गेल्या, फोटो काढला, आणि कामाच्या यादीत ८२० मीटर सलग चढले.

मार्च गेला, एप्रिल गेला. मी दर सोमवारी फोन करायचे. डेप्युटी साहेब एकदा म्हणाले, “बेन, तुमच्या फोनवरून आम्हाला सोमवार कळतो.” मे उजाडल्यावर अवकाळी पाऊस येऊन गेला, तेव्हा पोटात गोळा आला. आणि एका सकाळी सव्वासातला फाटकाशी पोकलेन उभं.

उभं, आणि तिथेच उभं राहिलं. कारण मगर. विश्वामित्रीत मगरी चारशेच्या वर मोजल्या गेल्या आहेत, आणि कांसा नदीला जोडलेल्या असल्याने त्या पावसाळ्यात आत येतात आणि काही इथेच राहतात. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचा अंडी घालायचा काळ, पिल्लं निघतात ती ऐन सफाईच्या दिवसांत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्यामुळे आधी वनखात्याची माणसं काठ बघून जातात, मग मशीन उतरतं. त्यांना पाणकणसात एक हातभर पिल्लू दिसलं. दोन मुलं ओली गोणी आणि काठी घेऊन अर्ध्या तासात ते घेऊन गेली, पण आई जवळपास असेल म्हणून तो दिवस गेला. पोकलेनचा ड्रायव्हर दाहोदकडचा, आमच्या जिन्यात बसून सेव-उसळ खात होता. त्याला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, मगरीची नाही, तुमच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांची वाटते. दात लागला की अख्खी सोसायटी मारायला उठते.

स्लॅब आदल्या आठवड्यात ब्रेकरने फोडला होता. दुसऱ्या दिवशी पेव्हर ब्लॉकवरून कडकड करत पोकलेन आत गेलं. काकांनी त्या बाजूला पाठ केली होती.

पहिली बादली निघाली तो वास मी लिहून सांगू शकत नाही. सडलेल्या अंड्याचा म्हणतात, पण त्यात तेल, पान, कपडा सगळं असतं. गाळ काळा नव्हता, निळसर करडा होता, दह्यासारखा थरथरत होता. त्यातून काय काय निघालं: सिमेंटच्या गोण्या, एका कमोडचं झाकण, नारळ शेकड्याने, पतंगाच्या मांज्याचे गुंते, आणि चौथ्या की पाचव्या बादलीत एक थर्माकोलचा खांब. चार फुटी, वर सोनेरी कागद तसाच, खाली हिरव्या रंगात कमळ. तो मी स्वतः कापला होता. आमच्या गणपतीच्या मखराचा, मुलगी सहावीत होती त्या वर्षीचा. ती आता नोकरीला लागली आहे. मखर कचरागाडीत दिला होता असं मी शपथेवर सांगितलं असतं. बहुतेक पोरांनी भिंतीवरून टाकला. खांबाला काहीही झालं नव्हतं, धुतला असता तर पुन्हा लावता आला असता.

खोलीचा प्रश्न आमच्या गवंड्याने सोडवला. डेप्युटी साहेबांनी सांगितलं होतं की दोन्ही गरनाळ्यांचा तळ काँक्रीटचा आहे आणि त्याची पातळी त्यांच्या ड्रॉइंगमध्ये आहे. म्हणजे खरा तळ कुठे हे कळायला पाण्याखाली बघायची गरज नाही, गरनाळ्यातला काँक्रीट लागेपर्यंत खणायचं आणि तिथून पातळी ओढत आणायची. गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी होती, टाइल्स बसवताना वापरतात ती. पाणी भरलेली नळी, दोन टोकांना दोन माणसं, पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर थांबतं. खालच्या गरनाळ्यापासून दहा-दहा मीटरवर खुणा करत आम्ही भिंतीभिंतीने वर आलो. अख्खी दुपार गेली, उन्हात टाळू तापली. आमच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारली: इथून खाली साडेआठ फुटांवर तळ. त्या सकाळी तिथे गाळ चार फूट खाली होता. म्हणजे साडेचार फुटांचा उंबरठा. साहेबांनी नळीकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आपलं यंत्र घेऊन आले. नळीत आणि यंत्रात पाऊण इंचाचा फरक निघाला. गवंडी तो किस्सा अजून सांगतो.

गाळ काढला की प्रश्न सुटत नाही, हे मशीन गेल्यावर कळतं. ओला गाळ डंपरमध्ये भरला तर रस्ताभर सांडतो, म्हणून तो काठावर दोन-तीन दिवस वाळू देतात. नेमका पाऊस आला की जिथून आला तिथेच परत. आमच्याकडे ७० मीटरचा ढीग पाच दिवस पडून होता आणि आभाळ भरून आलेलं. माशा, डास, जेवण जाईना. तिसऱ्या मजल्यावरच्या बांनी मला खिडकीतून नाव घेऊन सुनावलं. शेतकऱ्यांना द्यावा म्हटलं तर इतकं प्लास्टिक मिसळलेला गाळ कोण घेणार? सहाव्या दिवशी पहाटे डंपर आले. मी गच्चीवरून फेऱ्या मोजल्या, एकतीस. एम.बी.त नंतर पाहिलं, एकतीसच होत्या.

समोरच्या सोसायटीची भिंत अजून तिथेच आहे. त्यांना नोटीस गेली आहे, त्यांनी उत्तर दिलं आहे, प्रकरण चालू आहे. १२ मीटरची कांस सध्या साडेआठची आहे.

यांनी नऊ फुटांचा एक बांबू आणला. अर्ध्या-अर्ध्या फुटावर पांढऱ्या-लाल ऑइलपेंटचे पट्टे मारले आणि फाटकाच्या कोपऱ्यात ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी लाल रेघेपाशी उभं राहून तो तळाला टेकवायचा आणि रजिस्टरात लिहायचं: तारीख, पाणी किती, गाळ किती. रजिस्टर म्हणजे माझी जुनी खातेवही, मागची पानं कोरी होती. सुरुवातीला मी एकटीच जायचे, मग नववीतली दोन मुलं यायला लागली, कारण बांबू धरायला मजा येते. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री कुणीच झोपलं नाही. काकांसकट सगळे मागच्या भिंतीशी टॉर्च घेऊन. पाणी बांबूवर चार फूट, साडेचार, पाच, आणि तिथे थांबलं, आणि वाहत होतं. वाहताना आवाज येतो हे बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. काका म्हणाले, “सहा झाले तर मला उठव,” आणि झोपायला गेले.

नदी चढली असती तर काय झालं असतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टची मोटर आम्ही आता पहिल्या मजल्याच्या पातळीवर नेली आहे.

ऑक्टोबरपर्यंत गाळ पाच इंच परत बसला. गेल्या महिन्यात डेप्युटी साहेबांचा फोन आला, सोमवार नव्हता. त्यांना रजिस्टरची झेरॉक्स हवी होती, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आमच्या भागाला किती खोली धरायची त्यासाठी. मी म्हटलं, देते, पानाला २ रुपये. ते मनापासून हसले. पेव्हर ब्लॉकचं बिल मात्र अजून कुणी पास केलेलं नाही. ते पुढच्या सभेवर आहे.